ध्वनिमुद्रिका-वादकातील निर्वात नलिकांचे दोषनिदान

विद्युत् विवर्धक असलेल्या जुन्या ध्वनिमुद्रिका-वादकात आवाज बंद पडणे, क्षीण होणे, फाटणे किंवा त्यात सतत गुणगुण मिसळणे असे बिघाड उद्‌भवतात. हा बिघाड निर्वात नलिकेत आहे की तिच्याभोवतीच्या विद्युत् मंडलात आहे, हे ठरविण्याच्या पद्धतीस नलिकांचे दोषनिदान म्हणतात. १९२५ च्या सुमारास विद्युत् वादक प्रचारात आल्यापासून १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ट्रँझिस्टराने नलिकेची जागा घेईपर्यंत या पद्धतीचा क्रमाक्रमाने विकास झाला. नलिका हा सुटा करून बदलता येण्याजोगा भाग असल्यामुळे प्रत्येक बिघाडाचे खापर तिच्यावर फोडण्याची प्रवृत्ती ग्राहकांत आणि कारागिरांतही होती. प्रत्यक्षात पुष्कळदा नलिका ही दुसऱ्याच एखाद्या स्वस्त घटकाच्या बिघाडाची बळी ठरत असे. तो घटक तसाच ठेवून नवी नलिका बसविल्यास तीही थोड्याच काळात निकामी होई. दोषनिदानाच्या इतिहासाचा बराचसा भाग म्हणजे हा भेद ओळखण्याचा इतिहास होय.

पूर्वपीठिका : टॉमस एडिसन यांचा फोनोग्राफ (१८७७) आणि एमिल बर्लिनर यांचा तबकडीचा ग्रामोफोन (१८८७) ही पूर्णतः यांत्रिक साधने होती. सुईची कंपने अभ्रकाच्या पडद्यास मिळत आणि कर्ण्यातून आवाज बाहेर पडे. अशा यंत्राची दुरुस्ती म्हणजे कमान, दंतचक्रे, वेगनियंत्रक व ध्वनिपेटी यांची दुरुस्ती. ती घड्याळजीच्या कसबाला जवळची होती. कोलकात्यातील सियालदह येथे १९०८ साली ग्रामोफोन कंपनीचा कारखाना निघाला व १९२८ मध्ये तो डमडम येथे गेला. त्या काळात भारतभर पसरलेली बहुसंख्य यंत्रे किल्लीचीच होती. महाराष्ट्रात नाट्यसंगीताच्या तबकड्या घरोघरी पोहोचल्या, त्या प्रामुख्याने अशा यंत्रांवरच वाजल्या.

नलिकेचा इतिहास याला समांतर चालला होता. तापलेल्या तंतूपासून निर्वातातून विद्युत् वाहते, हा परिणाम एडिसन यांना १८८० नंतर आढळला होता. त्याचा उपयोग करून जॉन अँब्रोझ फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये द्विप्रस्थ नलिका बनविली. प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारी म्हणून तिला त्यांनी ‘व्हॉल्व्ह’ (झडप) असे नाव दिले. अमेरिकेत ‘ट्यूब’ हा शब्द रूढ झाला; भारतीय कारागिरांनी मात्र ब्रिटिश शब्दच उचलला आणि मराठीतही रेडिओ दुरुस्त करणारे आजतागायत ‘व्हॉल्व्ह’च म्हणतात. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये तंतू व पट्टी यांच्यामध्ये जालक घालून त्रिप्रस्थ नलिका तयार केली. नलिकेत थोडा वायू शिल्लक असणे तिच्या कार्यास आवश्यक आहे, असा त्यांचा समज होता. १९१२-१३ मध्ये अमेरिकेत हॅरल्ड आर्नल्ड व अर्व्हिंग लँगम्यूर यांच्या संशोधनाने तो चुकीचा ठरला व उच्च निर्वाताची, भरवशाची विवर्धक नलिका शक्य झाली. मूळ संशोधकाने जो गुण मानला, तोच पुढे दुरुस्तीच्या कोष्टकात ‘वायुदोष’ म्हणून नोंदला गेला.

१९२५ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या पद्धतीने विद्युत् ध्वनिमुद्रण सुरू झाले. त्याच सुमारास चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी हलत्या वेटोळ्याचा ध्वनिक्षेपक सिद्ध केला आणि त्याचा उपयोग केलेला ब्रन्सविक कंपनीचा ‘पॅनट्रोप’ हा सर्वस्वी विद्युत् वादक बाजारात आला. येथपासून ग्रामोफोनची दुरुस्ती घड्याळजीच्या हातून रेडिओ-कारागिराच्या हाती गेली. १९२६ मध्ये फिलिप्स कंपनीत बर्नार्ड टेलेगेन यांनी पंचप्रस्थ नलिका शोधली. १९२७ च्या सुमारास अप्रत्यक्षपणे तापविल्या जाणाऱ्या ऋणाग्राच्या नलिका बाजारात आल्या. त्यामुळे घरगुती प्रत्यावर्ती (उलटसुलट दिशांनी वाहणाऱ्या) प्रवाहावर नलिका तापविता येऊ लागल्या; परंतु तापक व ऋणाग्र यांमधील निरोधक थर हे बिघाडाचे एक नवे ठिकाणही निर्माण झाले.

१९४८ मध्ये दीर्घवादन तबकडी व १९४९ मध्ये ४५ फेऱ्यांची तबकडी आली, तशी लहान सुटसुटीत वादकांना मागणी वाढली. ब्रिटनमधील ‘डॅन्सेट’ (१९५२ पासून) हे त्यांचे प्रसिद्ध उदाहरण होय. बीएसआर कंपनीची स्वयंचलित तबकडी-बदलक यंत्रणा, स्फटिकी पिक-अप, एकदोन नलिका आणि एक ध्वनिक्षेपक असे सर्व काही एका कातडीवजा कागदाने मढविलेल्या पेटीत बसविलेले असे. भारतात या प्रकाराबरोबरच रेडिओ व वादक एकाच लाकडी कपाटात असलेला ‘रेडिओग्राम’ सधन घरांत प्रतिष्ठेची वस्तू ठरला. नलिका प्रथम आयात होत. बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड (स्थापना १९५४) या सरकारी कंपनीने १९६१ मध्ये रेडिओ-नलिकांचे उत्पादन सुरू केले.

वादकाचे विद्युत् मंडल : स्फटिकी पिक-अप रोशेल लवणाच्या दाबविद्युत् गुणधर्मावर चालतो व सुमारे अर्धा ते एक व्होल्ट इतका संदेश देतो. त्यामुळे विवर्धनाच्या दोनच पायऱ्या पुरतात : एक त्रिप्रस्थ व एक अंतिम पंचप्रस्थ. १९५५ च्या सुमारास हे दोन्ही भाग एकाच काचेच्या फुग्यात सामावणारी ईसीएल ८२ ही नलिका यूरोपात निघाली (तिचे अमेरिकन नाव ६ बीएम ८) आणि एका नलिकेचा विवर्धक शक्य झाला. पूर्वी यासाठी ईसीसी ८३ व ईएल ८४ अशी जोडी वापरीत. दर्जेदार यंत्रांत ती पुढेही टिकली. प्रत्यावर्ती प्रवाहाचे एकदिश प्रवाहात रूपांतर करण्यासाठी ईझेड ८० सारखी एकदिशकारक नलिका असे.

यूरोपीय नावांतील अक्षरे दोषनिदानास थेट उपयोगी पडतात. पहिले अक्षर तापकाचे : ‘ई’ म्हणजे ६·३ व्होल्ट, ‘यू’ म्हणजे १०० मिलिअँपिअर प्रवाहाची एकसरी जोडणी व ‘पी’ म्हणजे ३०० मिलिअँपिअर प्रवाहाची एकसरी जोडणी (मुख्यतः दूरचित्रवाणी संचांसाठी). पुढील अक्षरे अंतर्भागाची : ‘सी’ त्रिप्रस्थ, ‘एल’ अंतिम पंचप्रस्थ, ‘वाय’ व ‘झेड’ अनुक्रमे अर्ध व पूर्ण तरंगाचे एकदिशकारक. ऐंशीच्या घरातील अंक नऊ खुंट्यांचा लहान काचेचा तळ दर्शवितात. ईसीएल ८२, यूसीएल ८२ व पीसीएल ८२ या नलिका बाहेरून सारख्याच दिसतात आणि एकमेकींच्या बैठकीत सहज बसतात. तापक मात्र सर्वस्वी भिन्न आहेत. ईसीएलचा तापक ६·३ व्होल्टांवर ०·७८ अँपिअर घेतो, तर यूसीएलचा ५० व्होल्टांवर ०·१ अँपिअर. दुकानात मिळाली म्हणून ‘तीच’ नलिका बसविल्याने ती न तापणे किंवा क्षणात जळणे हे प्रकार घडत आले आहेत. म्हणून आवाज न देणाऱ्या यंत्रात मापक हाती घेण्यापूर्वी नलिकेवरील अक्षरे व पेटीतील आराखडा यांचा मेळ घालणे ही पहिली पायरी ठरते.

‘यू’ मालिकेची यंत्रे हा एक स्वतंत्र विषय आहे. जेथे एकदिश प्रवाहाचा पुरवठा होता तेथे रोहित्र (प्रत्यावर्ती विद्युत् दाब कमीजास्त करणारे साधन) चालत नसल्याने सर्व तापक एका सरीत जोडून उरलेला दाब मोठ्या रोधकात जिरवीत. पुढे प्रत्यावर्ती पुरवठा सर्वत्र झाल्यावरही केवळ रोहित्राचा खर्च वाचविण्यासाठी हीच रचना स्वस्त वादकांत टिकली. अशा यंत्रात घरगुती पुरवठ्याची एक तार थेट चेसिसला जोडलेली असते. दोन खुंट्यांचा प्लग उलटा बसला की संपूर्ण चेसिस २३० व्होल्टांवर येते व तिला स्पर्श करणे प्राणघातक ठरू शकते. पिक-अपची तार व चेसिस यांमध्ये लहान धारित्रे घालून उत्पादक वापरणाऱ्याचे रक्षण करीत. पण ती धारित्रे जुनी झाल्यावर गळू लागली म्हणजे सुईच्या भुजेपर्यंत दाब पोहोचू शकतो. अलीकडे अशा यंत्राची तपासणी १ : १ प्रमाणाच्या विलगक रोहित्रातून पुरवठा देऊनच करण्याचा प्रघात आहे. दाब हळूहळू वाढविण्यासाठी वापरले जाणारे नेहमीचे समायोज्य स्वयंरोहित्र हे काम करीत नाही, कारण त्याचे वेटोळे पुरवठ्यापासून अलग नसते. रोहित्र असलेल्या यंत्रातही २०० ते ३०० व्होल्टांचा एकदिश दाब असतो आणि पुरवठा बंद केल्यावर तो मोठ्या धारित्रांत काही काळ टिकून राहतो. रोधकामार्फत तो उतरवूनच आत हात घालावयाचा असतो.

दोषांचे प्रकार : नलिकेचे आयुष्य मुख्यतः तिच्या ऋणाग्रावर अवलंबून असते. आर्थर व्हेनेल्ट यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी दाखविल्याप्रमाणे बेरियमादी धातूंच्या ऑक्साइडांचा लेप दिलेला पृष्ठभाग लाल तापमानासही भरपूर इलेक्ट्रॉन देतो. हजारो तासांच्या वापरात लेपाची ही क्षमता घटते आणि नलिका ‘उतरते’. आवाज येण्यास पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो, मोठ्या आवाजाच्या जागी तो दबतो व फाटतो. या लक्षणाचा एक दुष्परिणाम म्हणजे ग्राहक तबकडीच झिजली असे समजतो. झिजलेल्या तबकडीचा फाटका आवाज त्या तबकडीपुरता असतो व बहुधा आतील वर्तुळांत अधिक जाणवतो; नलिकेमुळे आलेला दोष प्रत्येक तबकडीत सारखाच असतो. दुर्मिळ ध्वनिमुद्रणांच्या संग्राहकाने हा भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे, कारण एखादी तबकडी एकदा निरुपयोगी ठरवून टाकून दिली की ती पुन्हा मिळेलच असे नाही.

तापकाची तार तुटणे हा सर्वांत सोपा दोष. नलिकेत प्रकाश दिसत नाही व काच थंड राहते. ईसीएल ८२ च्या चौथ्या व पाचव्या खुंट्यांमध्ये मापकाने सलगता पाहिली की निर्णय होतो. समांतर जोडणीत एकच नलिका विझते. एकसरी जोडणीत जुन्या दिव्यांच्या माळेप्रमाणे सर्वच विझतात व प्रत्येक नलिका तपासावी लागते. काही स्वस्त यंत्रांत चलित्राचे (मोटरीचे) वेटोळेही तापकांच्या सरीत घातलेले असे. तेथे तापक तुटताच तबकडी फिरणेही थांबते आणि अनभिज्ञ कारागीर चलित्र खोलून बसतो.

फुग्याच्या वरच्या भागात आतून दिसणारा चंदेरी थर बेरियमाचा असतो. तो उरलेले वायू शोषून निर्वात टिकवितो. हा थर दुधासारखा पांढरा झाला असेल, तर काचेस तडा जाऊन आत हवा शिरली आहे. अशा नलिकेची आणखी चाचणी करण्याचे कारण नाही. अल्प प्रमाणात वायू सुटल्यास विद्युत् अग्रांच्या मधल्या जागेत जांभळट प्रकाश दिसतो. तथापि अंतिम नलिकांत काचेच्या आतल्या पृष्ठभागावर दिसणारी निळी झाक ही बहुधा इलेक्ट्रॉनांच्या आघाताने होणारे निरुपद्रवी अनुस्फुरण असते. या दोहोंतील घोटाळ्यामुळे कितीतरी चांगल्या नलिका कचऱ्यात गेल्या असतील.

तापक व ऋणाग्र यांमधील निरोध बिघडल्यास पुरवठ्याच्या कंप्रतेची, भारत व यूरोपात ५० हर्ट्‌झची, गुणगुण ऐकू येते. गाळणीच्या विद्युत् विच्छेद्यी धारित्राची धारिता घटल्यासही गुणगुण येते. पण पूर्ण तरंगाचा एकदिशकारक असेल तर ती १०० हर्ट्‌झची, म्हणजे एक सप्तक वरची असते. सुरांची जाण असलेला कारागीर केवळ कानाने हा फरक ओळखू शकतो. अर्ध तरंगाच्या एकदिशकारकात मात्र दोन्ही गुणगुणी ५० हर्ट्‌झच्याच असल्याने ही युक्ती लागू पडत नाही.

नलिकेतील जालक किंवा त्याचे आधार सैल झाल्यास ती स्वतःच ध्वनिग्राहकासारखी वागते. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने तिला हलकेच टिचकी दिली की ध्वनिक्षेपकातून घंटेसारखा नाद येतो. वादकात ध्वनिक्षेपक त्याच पेटीत असल्याने हा दोष अधिक त्रास देतो व आवाज वाढविताच यंत्र घुमू लागते. असे घुमणे पिक-अपमार्फतही होते. त्यासाठी सुई तबकडीवरून उचलून पाहावी. उचलताच घुमणे थांबले, तर नलिका निर्दोष असून तबकडी-फलकाखालील स्प्रिंगा अथवा रबरी गाद्या कडक झालेल्या असतात. खरखर व अधूनमधून आवाज जाणे यांचे सर्वांत सामान्य कारण मात्र खुंट्या व बैठक यांवरील गंज हेच असते. दमट हवेत ते आणखी वाढते आणि नुसती नलिका दोनचार वेळा काढून घातल्याने यंत्र ‘दुरुस्त’ होते, ते याचमुळे.

संयोजन धारित्राचा प्रश्न : त्रिप्रस्थाच्या धनाग्रावरील संदेश अंतिम पंचप्रस्थाच्या जालकास पोहोचविण्यासाठी सुमारे ०·०१ मायक्रोफॅराडचे धारित्र जोडलेले असते. त्याने प्रत्यावर्ती संदेश जाऊ द्यावा आणि एकदिश दाब अडवावा, अशी अपेक्षा असते. १९६० पूर्वीच्या बऱ्याच यंत्रांत हे धारित्र मेणात बुडविलेल्या कागदाचे असे. कागदात ओल शिरून त्याचा रोध वर्षानुवर्षे घटत जातो. समजा, धनाग्रावर १५० व्होल्ट आहेत, जालकाचा रोधक १ मेगओहम आहे आणि धारित्राचा गळतीरोध २० मेगओहमांवर आला आहे. साध्या मापकाला हे धारित्र निर्दोषच भासेल. पण जालकावर सुमारे ७ व्होल्टांचा धन दाब येईल. जालकावरील ऋण दाबाचे संतुलन त्यामुळे बिघडून नलिकेचा प्रवाह वाढतो, धनाग्र लाल होऊ लागते, आवाज फाटतो, अंतिम रोहित्राचे वेटोळे तापते व एकदिशकारक नलिकेवरही भार पडतो. ईसीएल ८२ च्या पंचप्रस्थ धनाग्राची क्षमता केवळ ७ वॉट असल्याने तिच्यात सहनशक्तीची फारशी शिल्लक नसते. जळालेली नलिका बदलली की यंत्र काही दिवस उत्तम वाजते आणि पुन्हा तोच प्रकार होतो. ग्राहकाची खात्री होते की नवी नलिकाच निकृष्ट होती.

हा दोष ओळखण्याची पद्धत ऋणाग्रावरील दाबावर आधारलेली असून या सर्व कसबातील ती सर्वांत सुबोध युक्ती होय. २०० व्होल्टांवर ईसीएल ८२ च्या पंचप्रस्थाचा धनाग्र-प्रवाह ३५ व पटल-जालकाचा ७, असा एकूण ४२ मिलिअँपिअर प्रवाह ऋणाग्राच्या रोधकातून जातो. रोधक ३९० ओहमांचा असेल, तर ओहम नियमानुसार त्यावर सुमारे १६ व्होल्ट दिसावयास हवेत. ७-८ व्होल्टच दिसले, तर प्रवाह निम्म्यावर आला आहे व पुरवठ्याचा दाब योग्य असल्यास नलिका उतरली आहे. २२-२४ व्होल्ट दिसले, तर प्रवाह जादा आहे. धारित्र गळते आहे किंवा नलिकेत वायू आहे. दोहोंपैकी कोणते, हे धारित्राचे जालकाकडील टोक सोडवून ठरते : जालकावरील धन दाब नाहीसा झाला तर दोष धारित्राचा, तो तसाच राहिला तर नलिकेचा. रोहित्र असलेल्या यंत्रात नलिकाच काढून बैठकीवर दाब मोजण्याचा सोपा मार्गही आहे. एकसरी तापकांच्या यंत्रात तो फसतो. कारण एक नलिका काढताच एकदिशकारकाचा तापकही विझतो आणि मोजण्यास दाबच उरत नाही. अर्थात हा रोधक स्वतःच तापून मूल्य बदलू शकतो, म्हणून यंत्र बंद करून त्याचा रोध आधी पाहणे श्रेयस्कर.

मापन-साधने व दुरुस्तीचे वाङ्‌मय : दाब मोजून निदान करण्याची ही पद्धत बहुमापक स्वस्त व मजबूत झाल्यावरच सार्वत्रिक झाली. ब्रिटनमध्ये १९२३ पासून निघालेल्या ‘ॲव्हो’ मापकाने दाब, प्रवाह व रोध ही तिन्ही मापे एका पेटीत आणली. त्याची ८ क्रमांकाची आवृत्ती (१९५१) प्रतिव्होल्ट २०,००० ओहम रोधाची होती. जुन्या मापकांचा रोध प्रतिव्होल्ट १,००० ओहम किंवा त्याहूनही कमी असे. असा मापक त्रिप्रस्थाच्या धनाग्रास लावला म्हणजे २२० किलोओहमांच्या रोधकातून मापकाचाच प्रवाह वाहू लागतो व दाब खऱ्यापेक्षा बराच कमी दिसतो. चांगल्या नलिकेवर यामुळे दोष लादला जाई. म्हणून दाब कोणत्या मापकाने घेतले आहेत याचा उल्लेख उत्पादकांच्या पत्रकांत करण्यात येऊ लागला. अमेरिकेत जॉन रायडर यांच्या दुरुस्ती-संहितांनी १९३० नंतरच्या दशकात व हॉवर्ड सॅम्स यांच्या ‘फोटोफॅक्ट’ पत्रकांनी १९४६ पासून असे आराखडे कारागिरांच्या हाती दिले.

नलिका तपासण्याच्या खास यंत्रांविषयी मात्र मतभेद आहेत. साध्या उत्सर्जन-परीक्षकात सर्व जालके धनाग्राशी जोडून नलिका द्विप्रस्थाप्रमाणे वागविली जाते व एकूण प्रवाह मोजला जातो. अमेरिकेत १९५० नंतरच्या काळात औषधांच्या दुकानांतही असे परीक्षक ठेवीत. ग्राहक स्वतः नलिका तपासून तेथेच नवी विकत घेई. ‘चांगली’ व ‘वाईट’ अशा हिरव्यातांबड्या पट्ट्यांची ही यंत्रे विक्रीला जितकी पोषक होती तितकी निदानाला नव्हती. वायुदोष, सैल जालक, भाराखाली फाटणारा आवाज यांपैकी बरेच काही त्यांना दिसत नसे, तर निम्म्या उत्सर्जनावरही समाधानकारक चालणारी त्रिप्रस्थ नलिका ती बाद करीत. हिकॉक व ॲव्हो यांच्या मोठ्या परीक्षकांत जालकदाबातील बदलाने धनाग्र-प्रवाह किती बदलतो, म्हणजे अन्योन्य संवाहकता किती, हे मोजले जाई. हे मापन अधिक विश्वसनीय होते. तरीही यंत्रात प्रत्यक्ष बसलेल्या नलिकेच्या ऋणाग्रावरील दाब हाच अखेरचा पुरावा मानणे योग्य.

भारतातील कारागिराजवळ असे परीक्षक क्वचितच असत. मुंबईतील लॅमिंग्टन रस्त्यासारख्या बाजारपेठांत सुटे भाग मिळत, पण गावोगावच्या दुकानांत बदली नलिका, एक बहुमापक, डाखणी आणि कान यांवरच भिस्त होती. रेडिओग्रामच्या बाबतीत त्यांनी एक सोपी वाटणी रूढ केली होती. रेडिओ व तबकडी यांचा ध्वनिविवर्धक सामाईक असल्याने रेडिओ नीट वाजत असेल आणि तबकडी वाजत नसेल, तर अंतिम नलिका व पुरवठा यांना हात लावण्याचे कारण उरत नाही; दोष पिक-अप, त्याची तार किंवा निवडकळ यांतच असतो. आपल्याकडे तो बहुधा पिक-अपमध्येच निघे. रोशेल लवणाचा स्फटिक ओलाव्याने विरघळतो आणि सुमारे ५५° से. तापमानास कायमचा नष्ट होतो. कोकणचा पावसाळा आणि विदर्भातील उन्हात ठेवलेली पेटी ही दोन्ही त्याला सारखीच मारक ठरली. पुढे आलेल्या मृत्तिका-पिक-अपांनी ही अडचण दूर केली.

आधुनिक काळ : ट्रँझिस्टरयुक्त वादकांनी १९७० पर्यंत नलिकायुक्त यंत्रांना बाजारातून जवळजवळ हटविले. डॅन्सेटचे उत्पादन १९६९ मध्ये थांबले. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून जुन्या वादकांच्या संग्राहकांत व दीर्घवादन तबकड्यांच्या श्रोत्यांत पुन्हा रस निर्माण झाला आहे. गिटारच्या व उच्च प्रतीच्या विवर्धकांना लागणाऱ्या ईसीसी ८३ व ईएल ८४ या नलिका स्लोव्हाकिया, रशिया व चीन येथे आजही बनतात. इतर पुष्कळ प्रकारांसाठी न वापरलेल्या जुन्या साठ्यावर विसंबावे लागते. अशा साठ्यात वापरलेल्या नलिका पुसून, नवे नाव छापून विकल्या जाण्याचा धोका असतो.

दुरुस्तीचे धोरणही त्यामुळे बदलले आहे. पूर्वी नलिका सुलभ होती व कारागिराचा वेळ मोलाचा होता. आता नलिका दुर्मिळ आहे. म्हणून दीर्घकाळ बंद असलेल्या वादकास पुरवठा देण्यापूर्वीच कागदी संयोजन धारित्र काढून तेथे पॉलिएस्टर पटलाचे धारित्र बसवितात व विद्युत् विच्छेद्यी धारित्रांची गळती तपासतात. मूळ रूप जपू पाहणारे जुन्या धारित्राची मेणाची नळी पोखरून नवे धारित्र तिच्यात दडवितात. एकदिशकारक नलिकेऐवजी सिलिकॉन द्विप्रस्थ घालणे सोपे असले, तरी हितावह नाही. नलिका तापण्यास काही सेकंद घेते व दाब सावकाश चढतो. सिलिकॉन तत्क्षणी पूर्ण दाब देतो आणि त्याच्यातील दाबऱ्हासही अत्यल्प असल्याने विवर्धकाला नेहमीपेक्षा जास्त व्होल्ट मिळतात. तसे करणे भागच असेल, तर योग्य रोधक सरीत घालावा लागतो. ईसीएल ८२ न मिळाल्यास काही जण दूरचित्रवाणी संचांतील पीसीएल ८२ वापरतात. तिच्या खुंट्यांची मांडणी तीच आहे, परंतु तापकास १६ व्होल्ट व ०·३ अँपिअर लागतात. त्यासाठी वेगळे लहान रोहित्र बसवून मूळ ६·३ व्होल्टांची जोडणी त्या बैठकीपासून तोडतात, आणि पुढे हे यंत्र उघडणाऱ्याची दिशाभूल होऊ नये म्हणून या बदलाची नोंद चेसिसवर चिकटवून ठेवतात.